प्रश्न क्रमांक अकरा

अ‍ॅपेनझेलच्या वरच्या वस्तीत
एकोणिसावं दार. कुत्रं साखळीला, पण साखळी लांब.
पिशवीत बत्तीस प्रश्नांचे फॉर्म,
तासाला ठरलेले फ्रँक,
आणि ऑफिसातल्या बाईंनी दोनदा बजावलेलं:
उत्तर सुचवायचं नाही. चेहऱ्यानेसुद्धा.

आपण स्वतःला स्त्रीवादी म्हणवता का?
हो. नाही. सांगता येत नाही.
तीन चौकोन.

सकाळपासून हा प्रश्न मी दारोदार नेतेय
चिमट्यात धरलेल्या विंचवासारखा.
बेकरीतली लिव्हिया म्हणाली, छे हो, मला पुरुष आवडतात,
आणि वळून मालकाला म्हणाली,
पगाराचं आज बोलायचंय, पुन्हा टाळू नका.
लाकडाच्या वखारीतला पोरगा म्हणाला,
संपलं की ते, सगळं मिळालं ना आता त्यांना?
आतून त्याच्या आईने विचारलं, वाढू का?
पाद्रीबाबा हो म्हणाले. जरा लवकरच म्हणाले.
एकीने दार उघडलं, मागे नवऱ्याकडे पाहिलं,
आणि तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं.
सांगता येत नाही.
या शब्दांचा इतका नेमका अर्थ
फॉर्म छापणाऱ्यालाही ठाऊक नसावा.

क्रेसेन्झ मान्सर, वय सत्त्याऐंशी.
स्त्रीवादी? नाही बाई. ते शिकलेल्यांचं.
मी रुमालांवर भरतकाम केलं, चाळीस वर्षं.
डझनावर पैसे. दलाल शनिवारी यायचा,
मोजून नवऱ्याच्या हातात द्यायचा.
नवरा चांगला होता, लिहून घे.
मागितले की द्यायचा.

लिहून घ्यायला फॉर्मवर जागा नव्हती.
मी समासात लिहिलं.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी चौकात सभा,
पुरुष तलवारी लावून जायचे.
तलवार हाच मताचा पुरावा,
बापाकडून मुलाकडे आलेला.
आदल्या रात्री ती मी पुसायची, तेल लावून, लखलखीत.
आणि हेही लिही:
बायकांना मत नको, अशा कागदावर माझी सही आहे.
घर एक तर मत एक, असं वाटायचं.
कुणी धाकात घेतलेली नव्हती सही.
माझ्याच हाताची, वळणदार.

मग कोर्टाने आम्हाला आत ढकललं.
एक्क्याण्णव साल, हवा गार,
हातात कागदाचं कार्ड, तलवारींच्या गर्दीत.
चार ठराव आले नि गेले, माझा हात उचलेना.
पाचवा निघाला दवाखान्याच्या रस्त्याचा.
माझी धाकटी त्या रस्त्यावर जन्मली होती,
बर्फात, दूधवाल्याच्या गाडीत.
हात वर गेला.
नवऱ्याचा शेजारी. खाली.

ती थांबली. मी पेन धरून तशीच.
एरवी हात वर करणं म्हणजे अंग काढून घेणं,
तिने मात्र त्या दिवशी
साऱ्या अंगानिशी हात वर केला होता.

मग?
मग काय. घरी येईस्तोवर बोललो नाही.
सूप गरम केलं. त्याने मीठ मागितलं, मी दिलं.
पुढच्या शनिवारी दलाल आला
तेव्हा दारात मी उभी होते.

म्हणजे ‘नाही’वर खूण करू?
नाहीच. चष्मा लावून तिने खूण तपासली,
चौकोनाबाहेर शाई गेली नाही ना, पाहिलं.
भरतकामाची नजर.
आणि तुझं उत्तर काय गं?

आम्हाला परवानगी नाही सांगायची.

आम्हालाही नव्हती, ती म्हणाली,
आणि पुढचा प्रश्न काय म्हणून
कान माझ्याकडे केला.

बारावा बससेवेचा होता.
आपल्या भागात ती पुरेशी आहे का?
ती खिडकीकडे बघत म्हणाली,
तुझी तर आत्ताच गेली.