मिटायचं कसं

बसा. टॉवेल हळूच उलगडा, मुठीकडून.
तीन दिवस उघडाच आहे म्हणता,
आणि असाच आणलात डोंगरावरून बसमधून,
मांडीवर, झोपलेल्या पोरासारखा?
ड्रायव्हर काही बोलला नाही?
खरंय. थियेरच्या बसमध्ये
चाकू घेऊन चढणाऱ्याला कोण विचारतंय.

खटका कुठला चांगला म्हणालात?
दिवा जरा इकडे ओढा. सांगते.

वडिलांच्या चाकूला खटकाच नव्हता.
पाठीत नुसती एक कमान,
पात्याच्या टाचेवर रेललेली,
विनंती केल्यासारखी: राहा उघडं, जमलं तर.
नदीकाठी पालथे पडून, पायांवर उबेला कुत्रा घेऊन
दिवसभर दुसऱ्यांच्या पात्यांना धार लावायचे,
आणि संध्याकाळी त्या चाकूनं पाव कापताना
एक अक्षर बोलायचे नाहीत.
पन्नास वर्षांत एकदाही कापलं नाही त्यानं त्यांना.
पन्नास वर्षं त्यांनी त्याच्यावर विश्वासच ठेवला नाही.

आईचा कडीचा.
गळ्याशी लोखंडी वळं, चिमटीत धरून फिरवायचं.
फिरवलं तर कुलूप,
विसरलं तर नुसता दागिना.
आई विसरायची नाही. मी विसरले.
हे बघा, करंगळी. नऊ वर्षांची होते, अक्रोड उघडत होते.
कडीचा काय दोष?
तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

भाऊ लेओनीद, त्याला पत्र्याचा खटका.
आतून पोलादी जीभ सरकते,
पात्याच्या मागे उभी राहते पाठराखणीला;
एका अंगठ्यात उघड, एका अंगठ्यात झाक.
जेवताना टक्, चर्चमध्ये टक्,
बायको बोलत असली की टक् टक्.
झिजली जीभ. झिजणारच.
आवाज तोच येत राहिला, टेकणं मात्र
कागदाएवढं उरलं होतं.
कुलपाचा आवाज म्हणजे कुलूप नव्हे,
हे मी त्याच्या तर्जनीला पट्टी बांधताना शिकले.

आणि एक होता सेलेदोनिओ.
स्पेनहून आलेला, शेजारच्या बाकावर मुठी घासायचा.
त्याच्या चाकूला दाते होते, सात,
उघडताना करर्र करर्र करर्र,
सगळं कारखानं मान वळवायचं.
म्हटलं, एवढा गाजावाजा कशाला?
म्हणाला, दर दाताला
विचार बदलायची एक सवड मिळते.
लग्नच केलं असतं मी त्याच्याशी.
सहाव्या दातापर्यंत आले होते.

असो. तुमचा हा.
पाठीचा खटका, मागच्या पट्टीचा दात
पात्याच्या खाचेत बसतो.
घट्ट, इमानी, घोड्याच्या जबड्यासारखा.
आत काय काय आहे बघा: मेंढीच्या खुराची माती,
गवताचा भुसा, चीज,
आणि कुणीतरी घातलेलं अक्रोडाचं तेल,
त्याचा आता डिंक झालाय.
ही खूण? दगडानं ठोकलात ना?
खोटं बोलू नका, दगड दिसतो.

मुठीवर ही दोन अक्षरं कोरलीत, तुमची नव्हेत.
बरं. नका सांगू.

चाळीस वर्षं या बाकावर बसलेय.
जो येतो तो विचारतो, किती घट्ट धरेल?
वजन टांगून बघतात, भिंतीत खुपसून बघतात.
सोडेल कसं,
ते विचारणारा अजून दारात आला नाही.
अन् उघडा राहिलेला चाकू घेऊन
झोपणार कुठे हो माणूस?
तुम्ही तीन रात्री कुठे ठेवलात?
उशाशी?

थांबा. रॉकेलचा एक थेंब.
आता आपण दोघं गप्प बसू,
भिजायला वेळ लागतो.

हं.

सुई घालते. दात हललाय.
नाही, मी नाही मिटणार. तुमचा आहे, तुम्ही मिटा.
अंगठा इथे, पाठीवर. जोर नको,
दार लोटतो तेवढाच.
पातं स्वतःहून खाली येईल,
येऊ द्या.

बोटं तेवढी वाटेतून काढा.