आतला कापूस

डॉक्टर पट्टी गुंडाळत होते तेव्हा ह्यांनी वाकून
आतला कापूस चिमटीत घेतला,
दोन्ही अंगठ्यांनी ताणला, तुटला तिथं निरखलं.
म्हणाले, धागा आखूड शे.
एकतीस वर्षं अमळनेरच्या जिनात
ह्याच बोटांवर भाव ठरले.
डॉक्टर हसले. मला इतकी लाज वाटली
की मनगट दुखायचं क्षणभर राहूनच गेलं.

पापडाची खाट गच्चीवरून उतरवताना पडले मी.
लोकांना सांगते, पाय घसरला.
खरं तर मांजराशी भांडत होते.

चिठ्ठी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलीय.
हात उंच ठेवणे. ओला न करणे.
आत काही न घालणे. बोटे हलवणे.
हे रोज सकाळी मोठ्यानं वाचतात,
जसं काही रात्रीतून बदललं असेल.

आंघोळीआधी बियाण्याची रिकामी पिशवी
कोपरापर्यंत चढवतात, सुतळीनं आवळतात.
गाठ पोत्याची. सुटता सुटत नाही,
मग दातांनी.
पिशवीवर छापलंय : बोंडअळीपासून संरक्षण.

मग नखं. एकेक दाबायचं,
पांढरं पडलं की सोडायचं, थांबायचं.
गुलाबी परत येईस्तोवर ह्यांचा श्वास अडकलेला.
लग्नाला चाळीस वर्षं झाली,
माझ्या करंगळीकडे कुणी इतकं बघितलं नव्हतं.

आखाजीला खापर चुलीवर चढलंच नाही.
मांडा कोपरापर्यंत उलगडत जातो,
त्याला दोन हात लागतात.
सरूबाईनं चार पाठवले, तिच्या हातचे, जरा जाडच.
उजव्यानं खाल्ले. डावा लोडावर,
जावयासारखा पसरलेला.
रसाचा एक ओघळ प्लास्टरवर उतरला.
पुसला. वास राहिला.

रात्री मुंगी आत गेली.
दुपारचे चव्वेचाळीस अंश अजून भिंतीतून निघत होते.
विणायची सुई कुठल्या खणात आहे
मला अंधारातही ठाऊक.
खण वाजला, हे उठले.
चिठ्ठी न बघता म्हणाले,
आत काही घालायचं नाही, वरून टिचक्या मारायच्या.
आणि पंख्याखाली हात मांडीवर घेऊन
वाजवत बसले,
टक टक, जरा थांबून, टक टक,
दार कुणाचं ते माहीत नसल्यासारखे.

कोन शे? मी विचारलं.
मी शे, म्हणाले. जप आते.