अंबडमधला बर्फ

बंद पडलेल्या कंपनीच्या शेडमध्ये
त्यांनी परदेश उभा केला.
मे महिना. पत्रा असा तापलेला
की कावळा टेकायचा आणि लगेच उठायचा.
खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसत होता,
त्याच्यासमोर राखाडी कापड ताणलं
आणि कापडावर रंगवलं एक धुराडं.
बर्फ थर्माकोलचा,
सिडकोतल्या मखरवाल्याकडून चार पोती,
गेल्या गणपतीतला उरलेला.
एका पोत्यातून मोराची मान निघाली.

सिनेमा होता परदेशात फसलेल्या माणसांचा.
गोष्ट म्हणाल तर नव्हतीच.
एक रांग. रांगेच्या टोकाला खिडकी.
खिडकी उघडते तेव्हा आत
दुसऱ्या रांगेची पाठ दिसते.
एक जण पाठीवर फ्रिज घेऊन उभा,
आत काय आहे, कोणी विचारत नाही.
एक बाई रोज घरी फोन लावते
आणि फक्त हवामान सांगते.
एवढंच. दोन तास दहा मिनिटं.

मला घेतलं रोजावर, पाचशे आणि जेवण.
रांगेत सातवा.
मी म्हणालो, साहेब, मी होतो तिकडं,
खरोखरच्या बर्फात.
वेल्डर म्हणून नेलं
आणि कोंबड्यांचे पाय कापायला बसवलं.
आठ महिने.
माझं आडनाव पगार.
तिकडं तो फक्त आडनावातच होता.

दिग्दर्शक हसला नाही. वहीत लिहून घेतलं.
दुपारपर्यंत ते वाक्य फ्रिजवाल्याला दिलं.
सिनेमात त्याचं आडनाव भामरे.
तरी.

मग कॅमेरा सरकत सरकत माझ्यावर आला
आणि थांबला.
तुमच्या चेहऱ्यावर भ्रमनिरास दिसत नाहीये, म्हणाला.
पुन्हा घेऊ.
नऊ वेळा घेतलं.
मी आठवून आठवून तसाच उभा राहिलो
जसा तिकडं उभा असायचो:
थोडा पुढं वाकलेला, कागद छातीशी,
तोंडावर, आज काम होईल, असं हसू.
तेच चुकत होतं म्हणे.

शेवटी माझ्या जागी आला
गंगापूर रोडचा एक मुलगा, नाटकाचा कोर्स केलेला,
पासपोर्टसुद्धा नसलेला.
त्यानं एका टेकमध्ये सगळं गमावलं.
शेडभर टाळ्या पडल्या.
मीही वाजवल्या, खरंच छान केलं पोरानं.

मला मग प्रेत दिलं.
आडवं पडायचं, वरून बर्फ, हलायचं नाही.
थर्माकोल कानाशी किरकिरत होता,
ओव्हरकोटातून घाम पाठीखाली साचत होता,
बाहेर रिक्षावाला ओरडत होता
पाथर्डी फाटा, पाथर्डी फाटा, एक सीट.
ते आवाज मागाहून पुसतात.
मला उठवावं लागलं.
त्या देशात पहिल्यांदाच
मला शांत झोप लागली होती.

जेवणाच्या सुट्टीत अख्खा परदेश
कोट काढून, बनियनवर,
मठाची उसळ आणि भात घेऊन सावलीला बसला.
बाई खऱ्या फोनवर खऱ्या घरी सांगत होती
की फार उकडतंय.
रांगेतला पाचवा, निफाडकडचा योगराज बोराडे,
आयटीआय फिटर, माझ्याशेजारी येऊन टेकला.
अख्ख्या रांगेत स्क्रिप्ट वाचलेला तो एकटाच.
सकाळी त्यानंच मला समजावलं होतं
खिडकी म्हणजे काय,
फ्रिज म्हणजे काय,
आणि शेवटी कोणीच का पोचत नाही.
बोटं चाटत, खाली बघत म्हणाला,
काका, तुमचा तो एजंट
अजून मुंबई नाक्यालाच बसतो का?

बसतो, मी म्हणालो.
फक्त जिना बदललाय, आता मागच्या बाजूनं.

मला कसं ठाऊक, हे त्यानं विचारलं नाही.
तेवढ्यात हाक आली:
चला, प्रेतं जागेवर.
बर्फ टाका.