जर्मलची होडी

उम्म अल क्वैनच्या जुन्या बंदरामागे,
जिथं मोडक्या फ्रिजांमध्ये मांजरी वितात,
पीरबख्श बलुचानं ती पालथी घालून ठेवली होती.
चौदा फुटी. अंगावर तीन थर रंग, त्यावर कबुतरं.
बाराशे दिरहम म्हणाला.
मी बोटांच्या पेरांनी तळ वाजवला,
जेवून उठल्यावरच्या ताटासारखी वाजली.
साडेआठशेला दिली, वर एक वल्हं.
दुसरं कुणीतरी चुलीत घातलं होतं.

कागद खमीसच्या नावावर.
माझ्या नावावर इथं एक सिम कार्ड आहे
आणि खालचा पलंग.

देवगडला फोन केला. बाबा म्हणाले,
"जर्मलची होडी? मेल्या, तिच्यात भात शिजय."
त्यांची फणसाची होती, सांध्यांत कापूस, वर राळ,
आणि दर पावसाआधी तिची मालिश
आमच्यापैकी कुणाचीच झाली नाही इतकी.

पण मला हीच धातू येते.
अठरा वर्षं मी खिडक्या बनवतोय,
तिसाव्या, चाळिसाव्या मजल्यांच्या,
ज्या उघडत नाहीत.

जूनमध्ये दिवसा तिला हात लावता येत नव्हता.
आम्ही रात्री नमाजानंतर सुरू करायचो,
मी आणि बारिसालचा शफीकुल.
पांढऱ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली निळा,
निळ्याखाली अरबीत एक नाव,
शफीकुलनं अक्षर अक्षर लावून पाहिलं: म, आणि पुढे खरवड.
पहिलं अक्षर तेवढं ठेवलं.

गळती बाहेरून दिसत नाही.
होडी लाकडांवर उचलून ठेवायची
आणि पाईपनं आत पाणी भरायचं.
अर्धी भरली तेव्हा ती बोलायला लागली,
एक रिव्हेट, मग शेजारचा, मग अख्खी ओळ,
टिप टिप वाळूत.
शफीकुल खडूनं गोल करत गेला. सदतीस.
मी खाली उताणा पडून होतो,
पाणी तोंडावर येत होतं, उठलो नाही.

मधल्या फळीखाली मात्र भोकच होतं,
अगदी गोल, कुणी मापून पाडल्यासारखं.
गाळ चाळला तर तांबूस एक नाणं,
दहा फिल्स.
कुणाच्या तरी खिशातून पडलं असेल,
आणि खारं पाणी मिळताच
तांबं बसल्या जागी जर्मल खात राहिलं,
वर्षानुवर्षं, दहा फिल्सच्या आकाराचं.
पुसून उजेडात धरलं.
त्याच्यावर गलबत होतं.
शफीकुल इतका हसला की खोलीवाल्यांनी शिव्या दिल्या.

वर्कशॉपमधून आर्गॉन आणला, मुकादमाला न सांगता.
वाऱ्यानं गॅस उडू नये म्हणून चारी बाजूंनी घोंगड्या,
आत मी, आणि तो निळा ठिपका,
आणि घाम, की दिसेनासं व्हावं.
भोकाला ठिगळ घातलं, खिडकीच्याच पत्र्याचं.
मागे जस्ताचा एक तुकडा बोल्टनं बसवला:
समुद्राला काहीतरी खायचंच असतं,
त्यानं आधी हा खावा.
नारळ फोडतो तेव्हा तरी दुसरं काय म्हणतो आपण.

ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी खाडीत सोडली.
तिवरांच्या पलीकडे फ्लेमिंगो उभे होते,
त्यांना काही पडली नव्हती.
छत्तिसांनी धरलं, एकानं नाही.
त्याच्यासाठी खोलीवरचा छोटा टोप घेतला आहे,
मी वल्हवतो, शफीकुल उपसतो.
दोन शेऱ्या मिळाल्या, एक बोट कापलं.

फोटो पाठवला. रात्री बाबांचा फोन.
होडीला बरं म्हटलं नाही, वाईटही नाही.
"तळाक काय लावलंस?"
म्हटलं, काही नाही, तांब्याचा रंग हिला चालत नाही.
बराच वेळ नुसती समुद्राची गाज,
त्यांच्याकडची की माझ्याकडची, कळेना.
"मगे कालवां धरतली," म्हणाले,
"दर पंधरा दिसांनी उलटी घाल.
आणि खरवडताना
कानशीत लावू नको, लाकडान खरवड."