हळदीची बोटं

मित्रासाठी विचारतोय, असं लिहिलं
रात्री पावणेदोनला, मार्केट यार्डातल्या गोदामाच्या जिन्यावर.
काचेवर बोटांचे पिवळे डाग.

त्यानं आडनाव विचारलं नाही,
कुठल्या गल्लीतला, कुणाचा, तेही नाही.
माणूस नव्हताच तो. म्हणून तर बोललो.

मी लिहिलं, मित्राला पुरुष आवडतात.
तीन टिंबं नाचत राहिली.
वाटलं, झालं, आता गप्प बसणार.
मग आलं : बरं. शेवटचा संबंध कधी आला होता?
पोत्याचं वजन विचारावं, तितकं साधं.
चाचणी फुकट असते, म्हणाला, निकाल गुप्त.
सांगलीत ओळखीचे भेटायची धास्ती असेल
तर मित्राला मिरजेला जाऊ दे.

आई म्हणते, दिवसभर हळदीत लोळतोस मेल्या,
तुला कधी लागायची?

सोमवारी मिरजेला. खोली नंबर सात.
बाई म्हणाल्या, बोट.
कापूस पिवळा झाला. दुसरा घेतला, तोही.
"हळदीत कामाला का?"
एवढंच. लग्नाचं काढलं नाही.
टोचलं. थेंब आला.

रात्री जिन्यावर लिहिलं :
मित्र जाऊन आला.

कसं वाटतंय तुम्हाला? त्यानं विचारलं.

तुम्हाला.

मी फोन पालथा घातला मांडीवर.
बऱ्याच वेळानं
सुलटा केला.