वेगळं कोणतं

ऐरोली, सेक्टर आठ, दुसरा मजला.
खाली झेरॉक्स आणि लॅमिनेशन, वर आम्ही:
'प्रज्ञावान बालक चाचणी, वय सहा ते नऊ.'
शनिवारी सकाळी जिन्यात चपलांची रांग
आणि पायरीपायरीवर एकेक आई,
जिनं काल रात्री आकृत्यांचा सराव करून घेतलाय.
सराव करून घेऊ नये, असं आम्ही फॉर्मवर छापतो
ठळक अक्षरांत.
त्यावरूनच बहुधा त्यांना कळतं
की सराव करता येतो.

सव्वानऊला निहार देवस्थळी, वय सात,
यंदाची तिसरी चाचणी.
'मागच्या वेळी इथे त्रिकोण होता,' तो म्हणाला,
बदली होऊन आलेल्या कारकुनासारखा,
आणि डोकं टेबलावर टेकलं.
त्याला एकशे एकेचाळीस मिळाले.

ती अकराला आली.
स्वरांगी मढवी, पालिकेची शाळा, इयत्ता तिसरी,
दोन मोफत जागांपैकी एकीसाठी.
आई थेट बाजारातून, बर्फानं बोटं पांढरी पडलेली.
आत या म्हटलं तर म्हणाली, 'मी भायेरच बरी,'
आणि पदर सावरून पंख्यापासून लांब उभी राहिली.

चित्र सतरावं: बस, सायकल, विमान, होडी.
वेगळं कोणतं? वेळ तीस सेकंद.
उत्तर: विमान. ते उडतं.
मुद्दाम सोपं ठेवलंय हे,
पुढच्या चढाआधी मुलांनी जरा दम खावा म्हणून.

तिनं दम खाल्ला नाही.
सव्वीस सेकंद बघत राहिली
आणि म्हणाली, 'होरी.'

पुस्तिका सांगते: कारण विचारू नये.
एकोणीस वर्षांत मी विचारलं नव्हतं.
'का गं?'
'होरीला बिरेक नसतं.'
मग, मला कळलं नसावं असं वाटून, सावकाश,
लहान मुलाला समजवावं तसं:
'थांबाचा आसंल त आधीपासूनच थांबाला लागतं.
जेट्टी लांब आसते तवाच बाबा इंजिन बंद करतं.
मंग होरी आपली आपण येते.'

रकाना बोटाच्या पेराएवढा.
त्यात शून्य मावतं, नाहीतर एक.
दिवे कोळीवाड्याची खाडी,
इंजिन बंद झाल्यावरची ती शांतता,
आणि वल्ह्याशी बसून अंतर मोजणारी ही आठ वर्षांची,
हे सगळं मी कुठे लिहू?
स्टॉपवॉच चालूच होतं.
थांबवायला विसरले होते.

बेरीज केली. चार कमी.
सतराव्याला पेन्सिलीनं एक दिला,
तरी तीन कमीच.
तरीही दिला.
पुण्याच्या कार्यालयात कुणीतरी तो खोडील,
खोडताना निदान बोट तिथे थांबेल.

'काय झाला, बाई? पास क?'
'यात पास-नापास नसतं, ताई.'
हे वाक्य मी इतक्यांदा बोललेय
की ते तोंडात आपोआप येतं, लाळेसारखं.
'मंग काय आसतं?'
तिनं खरंच विचारलं होतं. टोमणा नव्हता.
मी पाण्याची बाटली उघडली आणि परत बंद केली.
निकाल टपालानं येईल, म्हणाले.

त्या जिना उतरल्या.
लॅमिनेशनचा गरम वास वर येत होता.
पुढच्या मुलाचं नाव पुकारणार,
तेवढ्यात पायऱ्यांवर धावती पावलं,
आणि दाराच्या फटीत तिचं अर्धं तोंड:

'बाई, विमानाला मागं जाता येतं क?'

माहीत नव्हतं मला.
'शोधून सांगते,' म्हणाले,
आणि सांगायचं तर पत्ता हवा
म्हणून तिचा फॉर्म
गठ्ठ्यातून काढून पर्समध्ये ठेवला,
जे नियमात बसत नाही.