सोडे

दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात, वाशीला,
मशीननं बायचा अंगठा घेतला नाही.
क्लार्क म्हणाला, पुसा आणि परत ठेवा.
तिनं पदराला पुसला, ठेवला.
लाल दिवा.
मागच्या रांगेत कुणी घड्याळ बघितलं,
कुणी उगाच खाकरलं.

तळोज्याच्या कंपनीत नऊ वर्षं कोळंबी सोलली होती तिनं,
बर्फाच्या पाण्यात मनगटापर्यंत,
किलोवर पैसे.
बोटांवरच्या रेषा कधी गेल्या ते तिला कळलंही नाही.
घणसोलीत जो तो विचारायचा, हसूचं कॉलेज काय म्हणतं,
आणि ती हात पाठीमागे घेऊन सांगायची,
आमचा पोरगा इंजिनेर होतोय.
डिप्लोमा होता.
तो शब्द तिनं कधी वापरला नाही.

तिसऱ्या वेळी मी उठलो.
माझा रुमाल काढून तिचा अंगठा पुसला,
काचेवर ठेवला आणि वरून माझा दाबला,
जोरात, थोडा डावीकडे कलवून,
पाटीवर अ गिरवताना ती माझा हात धरायची
तसाच तिचा धरून.
हिरवा दिवा लागला.
क्लार्क म्हणाला, बघा, आला की नाही.
मला आनंद झाला.
हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.
मला आनंद झाला.

स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय,
असं छापलेलंच असतं त्या कागदावर.
खाली उतरून आम्ही उसाचा रस प्यायलो.
पैसे तिनं दिले.

बाबाचं मिठागर गेलं त्याबदल्यात साडेबारा टक्के,
त्यावर आता चार मजले,
खाली मेडिकल आणि मोबाइलचं दुकान.
बिल्डिंगला मी तिचं नाव दिलं. मथुरा.
काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं,
एवढी मोठी की रस्त्यापलीकडूनही वाचता यावीत.
वास्तुशांतीला फोटोवाला तिला पाटीखाली बोलवत होता.
ती म्हणाली, नको, ऊन लागतं मना.
डिसेंबर होता,
आणि संध्याकाळचे सहा.

दाजी गेल्यापासून ती कोपरखैरण्याला
माथाडींच्या वसाहतीत राहते, एका भाड्याच्या खोलीत.
मी तीनदा म्हटलं, दुसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक रिकामा आहे.
पहिल्यांदा म्हणाली, बघू.
दुसऱ्यांदा, भाडं किती घेशील?
तिसऱ्यांदा काही बोलली नाही.
दोन दिवसांनी मी घरी नसताना आली
आणि सोड्यांचा डबा ठेवून गेली,
उन्हात वाळवलेले, एकसारखे,
एकालाही टरफलाचा कण नाही.

यंदा दाराला नवीन कुलूप बसवलं,
बोट ठेवलं की उघडणारं.
घरातल्या सगळ्यांची बोटं त्यात भरली,
कामाला येणाऱ्या शेवंताचंसुद्धा.
भाऊबिजेला बाय आली तेव्हा म्हटलं,
तुझंही भरून ठेवू. कधीही ये. बेल नको वाजवू.
तिनं हातातली पिशवी खाली ठेवली, अंगठा टेकवला.
कुलूप दोनदा पिकपिकलं.
पुसून ठेवला. पुन्हा तेच.
मी शेजारी उभा, हात खिशात.
खिशात रुमाल होता.

माझ्याकडे न बघता, हसतच म्हणाली,
"तवा बरा घेतला व्हता र, हसू."

तेवढ्या एका वाक्यासाठी
मी अकरा वर्षं उत्तर तयार ठेवलं होतं.
झोपेतही म्हणता आलं असतं, इतकं घोकलेलं.
मी म्हणालो, चायनाचं मशीन आहे गं.
ती म्हणाली, असंल.

मग तिनं ओवाळलं.
कपाळावरचा टिळा त्याच अंगठ्यानं ओढला,
वर, थोडा डावीकडे कललेला.
मी पाकीट दिलं, तिनं न उघडता
देवापुढे ठेवलं, आमच्याच देवापुढे, आणि जेवायला बसली.

रात्री बायको डबा उघडून म्हणाली,
यंदा जास्तच दिलेत, किलोभर तरी असतील.
ती काटा काढायला निघाली.
मी म्हटलं,
मोजू नकोस.